सात एकांची संख्या

सकाळचे ऊन आमच्या अंबडच्या शाळेत घाईने येत नसे. आधी ते समोरच्या पत्र्यांवर रेंगाळे, मग व्हरांड्याच्या कठड्यावरून एकेक फरशी ओलांडत वर्गात शिरे आणि पहिल्या बाकावरच्या वाळलेल्या शाईच्या डागांवर थांबे. त्यात खडूची धूळ तरंगू लागे. रोजचेच ऊन, पण ते उषाबाईंच्या पाटीपर्यंत पोचेतो मी पाहत बसे.

उषाबाई मुलींना गणित शिकवीत, मी मुलांना. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर त्यांनी विचारले होते, "सात एक ओळीने मांडले, तर ती मूळ संख्या असेल का हो, सर?" पाच एकांना एक्केचाळीसने भाग जातो, सहा एकांना तीननेही. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा मात्र कोणालाच दाद देईना. एक हजार चोपन्नपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की निकाल लागणार होता; त्यापलीकडे भाजक असला, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडतो. शाळा भरण्यापूर्वी रोज एक भाजक त्यांचा, एक माझा. भागाकार पाटीवर, वहीत फक्त बाकी.

डिसेंबरात माझ्या वाट्याला दोनशे एकोणचाळीस आला. भाग चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. मी पाटी पुसली आणि वहीत बाकी सतरा लिहिली. बाईंचा हिरमोड नको, म्हणून, असे मी स्वतःला बजावले.

शिपाई कचरू झाडता झाडता म्हणे, "मास्तर, पाटी झिजून राह्यली, पण तुमचा भागाकार काई सरंना."

"संख्या मोठी आहे, कचरू."

"संख्या व्हय? बरं."

उषाबाई पाटीआड हसत.

मार्चमधल्या एका सकाळी एक हजार एक्कावन्नची पाळी त्यांची होती. "बाकी दोनशे चार," त्यांनी खडू ठेवला. "सरले भाजक. मूळ संख्याच आहे, सर. उद्या तपासनीस येतील, त्यांच्यासमोर फळ्यावर मांडते. बायांना गणित झेपतं का, असं विचारून गेल्ते ना मागच्या खेपेला."

"एकदा तपासून घ्या."

"माझं दोनदा तपासलंय. तुमच्यावर बिलकुल भरोसा आहे."

"मंग आता मास्तर सकाळचे काय करतील?" कचरूने केर भरत विचारले.

उद्या त्या फळ्यापुढे एकट्या उभ्या राहणार होत्या. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

"बाई, दोनशे एकोणचाळीसपुढचे सतरा खोटे आहेत. तिथे बाकी उरत नाही."

त्यांनी पाटी पुढे ओढली. भागाकार केला, एकदा, पुन्हा एकदा.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"डिसेंबरपासून."

"त्याच्यानंतर सव्वाशे भाजक झाले, सर. ते कशाला मंग?"

ऊन त्यांच्या पाटीवर येऊन थांबले होते. हिरमोडाचे कारण ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. मला उषाबाई आवडत होत्या.