पितळी सहाची उलटापालट

मी एक जुना पितळी सहा आहे. इंग्रजी सहा. निदान आज सकाळी तरी होतो. वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझा जन्म कनेटिकटमधल्या एका ओतशाळेतला. माझी भावंडं घरांच्या दारांवर गेली. पोस्टमनला घर दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. माझं नशीब थोर. मी व्यवस्थापनाच्या एका नामवंत महाविद्यालयाच्या फाटकावर चढलो. शेजारी अक्षरं होती, 'देशात क्रमांक'. येणारेजाणारे माझ्याकडे बघून टाय सारखा करत. आईबाप मुलांना माझ्याखाली उभं करून फोटो काढत. आत काय शिकवतात, ते मला ठाऊक नाही. माझं तोंड रस्त्याकडे. पण इतक्या वर्षांत ते कुणी विचारलंही नाही.

दुखणं एकच. दर वसंतात एका मासिकात महाविद्यालयांची यादी यायची. ती जवळ आली की डीन ब्रिग्जसाहेबांचं सूप टेबलावर निवून जाई आणि साहेब माझ्यासमोर येरझारा घालत. विश्वस्तांनी बजावलंच होतं, आकडा दोन अंकी झाला की खुर्ची खाली करायची.

एका वर्षी आम्ही नववे आलो.

"नवा आकडा मागवू का, सर?" त्यांच्या सचिव लोइसबाईंनी विचारलं.

"कशाला? हाच उलटा करा."

मित्रांनो, माझं पोट जड. ते वर आणि शेपूट खाली, अशा अवस्थेत कुणाला चैन पडेल? वरचा स्क्रू ढिला झाला. मी रात्रंदिवस खडखडून सांगत होतो. सगळे माझी किंमत बघत, स्क्रू कुणी बघत नसे.

पुढच्या मार्चमध्ये वादळ आलं. स्क्रू पडला, मी गर्रकन फिरलो आणि सहा झालो.

पोरांनी जल्लोष केला. प्राध्यापक ताठ चालू लागले. लोइसबाई साहेबांच्या कानाशी लागल्या.

"सर, स्क्रू पडलाय."

"पडला म्हणू नका, लोइसबाई. आपण चढलोय."

"पण यादी परवा येतेय."

"मग परवापर्यंत चढलेले राहू. मिरवू द्या पोरांना."

यादी आली. चौदा.

साहेब माझ्यासमोर उभे राहिले. मान डावीकडे कलवून बघितलं, उजवीकडे कलवून बघितलं. माझ्यातून चौदा काही निघेना. विश्वस्तांचा निरोप दुपारच्या आत आला. जाताना साहेबांनी माझा उरलेला स्क्रू स्वतः काढला आणि मला कोटाच्या खिशात टाकलं.

त्यांच्या घराचा नंबर नऊ. तिथे दारावर मी पुन्हा उलटा लागलो, आणि पुन्हा वरचा स्क्रू ढिलाच. वारा सुटला की मी सहा होतो आणि सहा नंबरवाल्यांची पत्रं आमच्याकडे येतात.

मित्रांनो, एखाद्या आकड्याला मान द्यायचा तर खुशाल द्या, पण अधूनमधून त्याचे स्क्रूही आवळत जा. नुसत्या मानाने कुणी जागेवर टिकत नाही.

आज सकाळीही वारा होता. खडखड ऐकून साहेब झोपायच्या कपड्यांतच बाहेर आले, हातात स्क्रूड्रायव्हर. मी सहा झालेला त्यांनी बघितला.

"थॅड, दार लाव! गारठा येतोय आत," साहेबांची बायको आतून त्यांच्यावर ओरडली.

"लावतो, लावतो."

स्क्रूड्रायव्हर त्यांनी पाठीमागे धरला, आणि थोडा वेळ ते माझ्याखाली ताठ उभे राहिले.