ओळीच्या टोकाचं एकटं अक्षर

सोमवारी तिला मुख्याध्यापिकाबाईंसमोर इंग्रजीचा एक धडा मोठ्याने वाचून दाखवायचा होता. जमलं तर शिकवायला वर्ग पुन्हा तिचाच. नाही तर दुसऱ्या बाई येणार होत्या. मेंदूत गुठळी झाल्यापासून शब्दांचे अर्थ तिच्यापाशी शाबूत होते, पण ते तोंडापर्यंत येत नव्हते. चित्र दाखवलं की बोट बरोबर पडायचं, ओठ मात्र नुसतेच हलायचे.

बोलण्याचा सराव घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शब्द तोडून द्या. एका तुकड्याला एक टाळी."

तोडायचं म्हटल्यावर नवऱ्याच्या अंगात वारंच शिरलं. छापखान्यात इंग्रजी पुस्तकांची पानं लावण्यात त्याचा जन्म गेलेला. ओळीत न मावणारा शब्द कुठे तोडून हायफन द्यायचा, हे त्याच्या बोटांना झोपेतही ठाऊक. त्याने धड्यातला शब्द न् शब्द पुठ्ठ्यांवर उतरवला, तोडता येईल तिथे रेघ मारून.

"रि-मेम-बर," ती टाळ्यांवर म्हणाली. भजनाला बसल्यासारखी मान डोलली. "गार-डन. विन-टर."

मग आला 'अलाउड'. अडली. 'अवेक'. तिथेही अडली. कपाळावर घाम आला.

"म्हण ना गं, सोपा तर आहे! अलाउड!" तो खुर्चीवर टेकत होता, उठत होता, येरझाऱ्या घालत होता; आणि तिच्या ओठांवर काही यायच्या आत स्वतःच म्हणून मोकळा होत होता.

लेकीने पुठ्ठे उलटसुलट करून पाहिले. "बाबा, एवढेच का नाही तोडले?"

"कसे तोडणार? पहिल्या तुकड्यात एकच अक्षर येतं. ओळीच्या टोकाला एकटं अक्षर सोडायचं नसतं. मालकांनी हाकललं असतं मला."

"अहो बाबा, हे पान नाही. आईचं तोंड आहे."

तो मटकन खाली बसला. मग देवाचं नाव घेऊन त्याने पहिल्या अक्षरापुढे रेघ मारली.

"अ..." ती म्हणाली आणि थांबली. किती थांबली! उरलेला शब्द त्याच्या जिभेवर नाचायला लागला. लेकीने डोळे वटारले.

"...लाउड."

"अर्थ काय, आई?"

"मोठ्यानं," ती इतक्या हळू पुटपुटली की लेकीला हसू फुटलं. तिलाही. मग नवऱ्याकडे वळून तिने एकेक टाळी वाजवली.

"तुम्ही... बा-हेर... बसा."

दुखण्यानंतरचं तिचं सगळ्यात लांब वाक्य! तो निमूटपणे जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. पाय काही स्वस्थ राहीनात.

आतून 'अ' आला. मग काहीच नाही. तो उठला, दाराच्या कडीकडे हात गेला. तो हात त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"घाई नाही, आई," लेक म्हणत होती.

'वेक' यायला बराच वेळ लागला. तोवर तो तसाच, स्वतःचा हात धरून, दाराबाहेर उभा होता.