सगळ्यांच्या शाळेतला बाक

मी बाक बोलतोय. चर्चमागच्या शाळेतला पहिला बाक. मला करताना सुताराने पाळकसाहेबांना विचारलं होतं, "मुलं केवढी आहेत? उंची ठरवायला बरं." पाळकसाहेब म्हणाले, "चार वर्षांपासून पुढे देव आयुष्य देईल तेवढी." सुताराने डोकं खाजवलं, मोठ्यांच्या उंचीचा बाक केला आणि लहानग्यांचे पाय टेकायला खाली आडवी पट्टी ठोकली.

सकाळी माझ्यावर बालवर्ग किलबिलायचा, दुपारी मोठी मुलं बसायची, दिवेलागणीला कामावरून सुटलेली माणसं. पाळकीणबाईंची शिस्त सगळ्यांना सारखीच. उशीर झाला की गवंडीदादासुद्धा मान खाली घालून दारात उभे राहायचे.

इस्त्रीवाली आजी आई नसलेल्या आपल्या नातीला, चिमणीला, घेऊन आली ती अशा दिवसांत. चर्चमध्ये आजी गीतांचं पुस्तक उलटं धरून सगळी गाणी तोंडपाठ म्हणायची. मागच्या पोरी खुसुखुसु हसायच्या. एकदा चिमणीनेच ते हळूच सुलटं करून दिलं, आणि त्या संध्याकाळी आजी वर्गाला आली. चिमणी तिचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायची. दोघींची डोकी एका पाटीवर वाकलेली असायची, आणि मला वाटायचं, लाकूड झालो ते सार्थकी लागलं.

पुढे चिमणीच्या शिक्षणाचा खर्च वाढला. आजीने जास्तीची इस्त्री घेतली, तिचा वर्ग सुटला. चिमणी याच शाळेत बाई झाली, मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, झाली. तेव्हा कुठे आजीने इस्त्री खाली ठेवली आणि पुन्हा माझ्यावर येऊन बसली. आता ती जोडाक्षरांपर्यंत पोचली होती.

तोवर पाळकसाहेब आणि पाळकीणबाई दोघंही गेले होते. मोठ्या बाईंना शाळेचं नाव गाजवायचं होतं. आधी बालवर्ग बंद झाला. मग संध्याकाळचा वर्ग जादा शिकवणीला दिला. आजी नेहमीसारखी आली, तर माझ्यावर दहावीची मुलं.

"आजी, तो वर्ग आता नाही," मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि या वयात वाचून तू करणार काय?"

आजी म्हणाली, "तुला शाळेत घातलं, तेव्हा लोक मला हेच विचारायचे. मुलीची जात, शिकून करणार काय? मी कुणाचं ऐकलं नाही गं."

पुस्तक काखेत धरून ती निघून गेली. मोठ्या बाई दहावीच्या मुलांकडे वळल्या.

परवा शाळेचा वर्धापनदिन झाला. मला पॉलिश करून व्यासपीठाजवळ मांडलं, भोवती दोरी बांधली. मोठ्या बाईंनी शाळेचा इतिहास सांगितला. "याच बाकावर माझी आजी आणि मी शेजारी शेजारी शिकलो," म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. टाळ्या थांबेनात. मी आजीला शोधत होतो. तिला बोलावलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कचेरीबाहेर आहे, दोरीत. मला कुणी शिवायचं नाही. चिमणे, तुला मी बसायला जागा दिली, ती अशी मिरवण्यासाठी नव्हे. ही दोरी सोड. आजीच्या घरी जा, आणि तिचं जोडाक्षर जिथे राहिलंय, तिथून पुढे तिला शिकव.