मुक्काम मोफत, कर दुकानाकडे

मी बोलतेय, ही भिंतीला टेकवून ठेवलेली सागाची फळी. सात वर्षं मी सिंदी रेल्वे या गावच्या कापूसबाजारामागे एका दारावर पाटी म्हणून टांगलेली होते. माझ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : ‘शेतकरी बंधूंसाठी मुक्काम मोफत’.

१९५२ च्या दिवाळीनंतर ताराचंद शेठजींनी मला करवून घेतलं. ते कापसाचे अडते. लांबून बैलबंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काट्यावर नंबर लागेपर्यंत एक-दोन दिवस थांबावं लागे. आपल्याकडे उतरला तर माल आपल्याकडेच घालेल, म्हणून शेठजींनी सहा खोल्या बांधल्या. आत बाज, गोधडी, कोपऱ्यात माठ. बाहेर बैलांसाठी पाण्याचा हौद. त्यात वाईट काही नव्हतं. थंडीत बंडीखाली झोपणाऱ्या माणसाला छप्पर मिळत होतं.

खोल्या सांभाळायला देवकाबाई होत्या. पन्नाशीच्या, एकट्या, कामाला वाघीण. मला टांगलं त्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दिवाणजी प्रभाकररावांना त्यांनी विचारलं, काय लिहिलंय? दिवाणजींनी वाचून दाखवलं. अगदीच फुकट का, असं देवकाबाईंनी दोनदा विचारून घेतलं. मग येणाऱ्या प्रत्येक बंडीवाल्याला त्या सांगू लागल्या, “काई द्या लागत नाई, भाऊ. निवांत झोपजो.”

खरं सांगायचं तर मला वाचणारे थोडेच होते. लोक विश्वास ठेवायचे तो देवकाबाईंच्या शब्दावर.

तिसऱ्या वर्षी मुक्कामाच्या खोल्यांवर कर बसला. माणूस उतरलेल्या प्रत्येक खोलीमागे रोज दोन आणे. भाडं घ्या की नका घेऊ. शेठजी कुरकुरले. मी दमडी घेत नाही, मग कर कशाचा? पण नियम तो नियम. तेव्हा त्यांनी दिवाणजींना सांगितलं, उतरणाऱ्याच्या पट्टीतूनच, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबातूनच, कापून घ्या. एकदा कापायला सुरुवात झाली, की हात थांबत नाही. दिवाबत्तीचा एक आणा आला, झाडलोटीचे दोन आले. कापसाच्या शेकडो रुपयांच्या पट्टीत पाच आणे कुणाच्या डोळ्यांत खुपणार?

ते आनंदाबाईंच्या डोळ्यांत खुपले. केळझरच्या या बाई स्वतःचा कापूस स्वतः घेऊन आल्या होत्या. प्रौढांच्या वर्गात जाऊन त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या, आणि शिकलेलं वापरायची त्यांना हौस होती. पट्टी हातात पडताच माझ्याखाली उभ्या राहून अक्षरावर बोट ठेवत त्या मोठ्यानं वाचू लागल्या. खोली-कर दोन आणे. दिवाबत्ती एक आणा. झाडलोट दोन आणे.

ओसरी झाडणाऱ्या देवकाबाईंचा हात थांबला. झाडलोट म्हणजे काय, त्यांनी विचारलं.

“तुमी झाडता ना, बाई, त्याचे,” आनंदाबाई म्हणाल्या. “तुमालेच भेटत असन.”

देवकाबाईंना महिन्याचे आठ रुपये मिळत, पाहुणे किती का येईनात. त्या तशाच शेजारच्या दुकानात दिवाणजींकडे गेल्या, मागोमाग आनंदाबाईही. प्रभाकररावांनी शेठजींकडे बोट दाखवलं. शेठजींनी समजावलं, की कर काही माझ्या खिशात जात नाही. आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, कर द्यायला माझी ना नाही, पण तसं पाटीवर लिहा. मग उतरायचं की नाही ते आम्ही ठरवू. ऐन हंगामात हा वाद शेठजींना नको होता.

तेव्हा देवकाबाई बोलल्या. “शेठजी, पाटी तुमची हाये. पन फुकट हाये म्हून लोकायले मी सांगतलं. मी खोटी पडली. त्यायचे पैसे वापस द्या, नाई तर मी उद्यापासून येत नाई.”

“नका येऊ,” शेठजी म्हणाले.

किल्ल्या गादीवर ठेवून त्या निघून गेल्या. त्या आठ रुपयांवाचून त्यांना दुसरी मिळकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या पुन्हा दिसल्या. गाड्या बाजारात वळतात त्या वळणावर उभ्या होत्या. उतरायला आलेल्यांकडून मला कळलं, की प्रत्येक बंडी थांबवून त्या एवढंच सांगत, “भाऊ, ताराचंद शेठजीच्या खोलीले पाच आने लागतात. मी फुकट म्हनलं होतं, ते खरं नोतं. माफ करजो.”

शेठजींना त्यांनी नावं ठेवली नाहीत. दुसरीकडे जा, असंही म्हणाल्या नाहीत. खोली कशी आहे, असं कुणी विचारलं तर चांगली आहे, असंच सांगत. आठ दिवस त्या उन्हात उभ्या राहून आपला दिलेला शब्द परत घेत होत्या. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण असं काम करणारं दुसरं नाही पाहिलं.

काही बंड्या दुसऱ्या अडत्यांकडे वळल्या. ज्या आल्या, त्यांनी आधी पाच आण्यांचं विचारलं. नवव्या दिवशी शेठजी पायी वळणावर गेले. तिथं काय झालं, ते पुढे प्रभाकररावांच्या तोंडून ऐकलं. दोन रुपये पगार वाढवतो, चला, असं शेठजी म्हणाले.

“पगार राहू द्या,” देवकाबाई म्हणाल्या. “पाटी खरी करा.”

त्याच दुपारी रंगारी आला. ‘कर वेगळा’ असं लिहिलं असतं तरी देवकाबाईंची हरकत नव्हती. लिहिलेलं खरं असलं म्हणजे झालं. पण शेठजींनी माझ्या खालच्या बाजूला लिहवून घेतलं : ‘कर दुकानाकडे’, म्हणजे तो शेठजी स्वतः भरणार. दिवाबत्तीचे आणि झाडलोटीचे आणे कापणं बंद झालं आणि देवकाबाई पुन्हा खोल्या सांभाळू लागल्या. प्रभाकररावांनी दोन रविवार घालवून जुन्या पट्ट्या काढल्या आणि ज्याचे त्याचे पैसे परत केले. आनंदाबाईंचे पाच आणे केळझरच्या एका गाडीवानाबरोबर पोचते झाले. भर बाजारात आपली चूक रंगवून घ्यायला छाती लागते. शेठजींना ती होती, हेही मी सांगितलंच पाहिजे.

आता खोल्या पाडून तिथं गोदाम उठतंय. मिस्त्रीला खिडकीच्या झडपेसाठी फळी हवी आहे. उद्या माझ्यावर रंधा फिरेल आणि अक्षरं भुशासारखी खाली पडतील. त्याचं मला दुःख नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या दारावर पाटी लावाल, तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक पाहा : त्या शब्दांसाठी रस्त्यावर जाऊन उभं राहील, असं माणूस तुमच्या घरात आहे का? असेल तर त्याला जपा. पाटी काय, कुठल्याही फळीची होते.