टिलवे उडाले की

आमच्या बाबांना पक्षाघात झाला, त्यांच्या हट्टाला नाही झाला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत. मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं, अडवायचं, त्यासाठी वाफ्यांच्या तोंडाशी बसवलेल्या फळ्या वर-खाली करायच्या, हे त्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. काम सोडलं की मालकाने दिलेली ही खोलीही सुटते. भरती ना रविवार बघते, ना माझं दुखणं. शहरात मैत्रिणीने शिवणाच्या दुकानात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. ती तरी किती दिवस धरणार?

शहरात दादाकडे राहायला जाऊ म्हटलं की बाबांचं एकच पालुपद, "टिलवे उडाले की निघू."

टिलवा म्हणजे मुठीत मावेल एवढं पाखरू. थंडीत कुठल्या कुठून येतात आणि खिडकीसमोरच्या पडीक वाफ्यात चिखल टोचत बसतात. भरतीने बाहेरचा खाडीतला चिखल बुडाला की सगळे इथेच गोळा होतात. उन्हाळ्याच्या तोंडावर उडतात. तेव्हा बाबा म्हणतात, "आता येतीलच की परत." घ्या! म्हणजे आमचं निघणं पुन्हा लांबणीवर.

काल दुपारी माझं डोकं फिरलं. मोठी भरती होती. पडीक वाफ्याची फळी अशा वेळी खाली असते, ती मी ओढून वर केली. पाणी घुसलं, घोट्याचं गुडघ्याला आलं. पाखरं एकदम उठली, बसायला जागा शोधत घिरट्या घालत राहिली आणि गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण फळी काही मी परत खाली टाकली नाही.

खोलीत येऊन म्हटलं, "उडाले तुमचे टिलवे. दादाला फोन लावते."

बाबांनी खिडकीतून सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली वाहणार. ते हळूच म्हणाले, "नको लावू."

"का? शब्द दिलाय तुम्ही!"

"त्याने मागेच हात झटकले गं. म्हणाला, आमच्याकडे जमणार नाही."

मी हातातला फोन खाली ठेवला. "मग मला पाखरांच्या नावाने झुलवत का ठेवलंत?"

"तुला कळलं असतं, तर तू एकटीच निघून गेली असतीस."

"गेलेच असते!"

"मग आता जा."

जा म्हणे! यांना पाणी कोण पाजणार? मी पलंगाच्या कडेला बसले आणि मोठ्याने रडले. त्यांचा चालता हात माझ्या डोक्यापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून मीच जरा खाली वाकले.