केळीचा चीक

कामिनीने ब्लेड तिरपं धरून शेवटच्या चित्रातल्या मुलीचा पाय पुन्हा खरवडला. शाई निघाली, पण तिच्याबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला. आता आणखी एकदा खरवडलं की भोक पडणार, हे दिसतच होतं. तरी तो पाय काही मनासारखा उतरेना.

चित्रकथा तिची स्वतःची होती. पुण्याच्या कॉलेजात कार्टून आणि कॉमिक्सची डिग्री करणाऱ्यांना शेवटच्या सहामाहीत कुणी विषय देत नाही; ज्याने त्याने आपला ठरवायचा आणि तडीला न्यायचा. वर्ग नाहीत म्हटल्यावर निंबाभाऊंनी लेकीला असोद्याला घरी आणलं. कागदच रंगवायचे ना, मग घरी रंगव की! कामिनीने विषयही मग घरचाच घेतला. केळीच्या बागेत शिरलेली एक मुलगी, जिला बाहेरची वाट सापडत नाही. सगळ्या ओळी सारख्या, सगळी झाडं सारखी. शेवटच्या पानावर ती बागेच्या कडेला येते आणि समोर डांबरी रस्ता दिसतो. पुढे काय, ते काही कामिनीला सुचत नव्हतं.

आता सुचत नव्हतं असं तरी कसं म्हणावं? धुळ्याच्या जीवरामनानांच्या मुलाशी, नवीनशी, तिचं जवळपास ठरलंच होतं. पोरीचं शेवटचं काम झालं की सुपारी फोडू, त्याआधी नाही, असा शब्द निंबाभाऊंनी चार माणसांत दिला होता. बिचाऱ्याने ही अट लेकीच्या शिक्षणापायीच घातली होती, पण त्या अटीनेच लेकीचा गळा धरला. काम पुरं केलं तर सुपारी, नाही केलं तर डिग्री गेली. म्हणून महिनाभर ती पाय काढत होती आणि खरवडत होती.

शनिवारी दुपारी दिपमाला मॅडमचा फोन आला. कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक त्या.

"कामिनी, सोमवारी परीक्षक येतायत. प्रकाशनसंस्थेचे लोकही असतील. तुझी आधीची पानं पाहून त्यांच्यातल्या एकीने विचारलंय, ही मुलगी आमच्याकडे काम करेल का म्हणून."

"मॅडम, शेवटचं पान बाकी आहे."

"किती दिवस तेच ऐकतेय मी! विषय तू निवडलास, मग संपलं हेही तूच म्हणायचं. आणि पानं घेऊन स्वतः यायचं, फोनवरचे फोटो चालणार नाहीत."

सोमवारी पुण्यात! आणि इथे रविवारी जीवरामनाना यायचे होते, नुसतं भेटायला म्हणून. नुसतं भेटायला धुळ्याहून कोण येतं? कामिनीला रडू फुटलं. तिने दार लावून घेतलं आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं, पेन उचललं आणि पाय काढून टाकला, अर्धवट उचललेला, ना बागेत ना रस्त्यावर. त्या कागदाचाच तिला वीट आला होता.

ब्रश धुवायला ती मोरीवर गेली. परत आली तर आई टेबलाशी उभी. केळफुलं मोडून नुकतीच बागेतून आलेली, अंगावर बागेतलीच साडी.

कामिनीला नवल वाटलं. कुंदाबाईचा नेम सगळ्या आळीला माहीत होता. बागेतून आली की हाताला गोडेतेल चोळायचं, साबणाने धुवायचे, साडी बदलायची, मगच घरातल्या वस्तूला हात. कामिनी लहान असताना तिचा नवा पांढरा झगा आईच्या हातच्या चिकाने डागाळला होता. तेव्हा लेकीपेक्षा आईच जास्त रडली होती, आणि त्या दिवसापासून नेम कधी मोडला नव्हता.

"आंघोळ नाही केलीस अजून?"

"करते. इसरलीच व मी." कुंदाबाईने लेकीकडे निरखून पाहिलं. "रडली काय तू?"

"नाही."

"डोये सांगू राह्यले ना." मग पानाकडे मान करून ती म्हणाली, "झालं हे?"

"झालं."

"अन् ही पोर जाते का राह्यते?"

"माहीत नाही, माय. तिलाही माहीत नाही."

"हं," म्हणाली कुंदाबाई, आणि तेल शोधत स्वयंपाकघरात गेली.

रविवारी सकाळीच जीवरामनाना आले. सुपारीची पिशवी त्यांनी पाटाशेजारी अगदी दिसेल अशी ठेवली.

"कार्टून काढतेस म्हणे! बघू तरी तुझी चित्रं. काम झालंय असं ऐकतो."

कामिनीने फाईल आणली आणि एकेक पान पुढे सरकवलं. नाना हसले, वा वा म्हणाले. शेवटचं पान निघालं. कागदावर तपकिरी पंजा उमटला होता, पाचही बोटं स्वच्छ. चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, नजरेला येतच नाही. रंग चढतो दुसऱ्या दिवशी.

"अगं माय!" कुंदाबाईने कपाळावर हात मारला. "माह्याच हाताचा. काल बागेतून आली अन् तशीच वाकली पाह्याले."

"इतक्या वर्सांत कधी नाही अन् आताच कसं केलं हे तू?" निंबाभाऊ चिडलेच.

"पुसून टाका की हलक्या हाताने," नाना म्हणाले.

"केयीचा चीक पुसल्या जाते का नाना? नवंच काढा लागीन." कुंदाबाई मान खाली घालून पदराचं टोक नीट करत होती. "तो कागद पुन्यातच भेटते ना व, कामिनी?"

कामिनीने आईच्या हातांकडे पाहिलं. उजव्या पंजावर इतकं तेल चोळलेलं होतं की कातडी लाल झाली होती.

"हो," ती म्हणाली. "पुण्यातच मिळतो."

"दिस किती लागतीन?"

"बरेच लागतील, माय."

निंबाभाऊंनी एक सुस्कारा सोडला. "मंग आजच्याच गाडीनं निघ. शब्द तो शब्द, नाना. काम झाल्याशिवाय सुपारी नाही." नानांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

बॅग भरताना कामिनीने ते पान उजेडात धरलं. पंजा बरोबर मुलीच्या पाठीला टेकला होता, आणि उचललेला पाय आता रस्त्यावर पडणार हे कुणालाही कळलं असतं. तिने खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'समाप्त' लिहिलं आणि पान फाईलमध्ये सगळ्यांत शेवटी लावलं.

कुंदाबाई दशम्यांचा डबा घेऊन दारात आली. डबा बॅगेत ठेवायला हात पुढे केला आणि फाईल दिसताच ती थबकली.

"धुतले हात," ती म्हणाली.