नाव, गाव, वस्ताद

कुस्तीच्या मैदानात माइकवर बोलायला लागून मला चाळीस वर्षं झाली. पैलवान मातीत उतरला की आधी नाव, मग गाव, मग वस्ताद. हा क्रम मी आमदारासाठीही मोडला नाही. सांगलीच्या ‘रंगधारा हळद’ कंपनीनं मला मोबाइल गेमच्या स्पर्धांच्या निवेदनाचं काम दिलं, तेव्हा तालमीत हशा पिकला. “नाथाजी, आता अंगठ्यांच्या कुस्त्या व्हय!” हसा लेको. खेळ तोच, फक्त पैलवानासारखे कान मोडत नाहीत.

कंपनीच्या संघाचा कप्तान शिवतेज, दहिवडीचा. शेजारी बसून खेळायचा पुष्कर. “नाना, ह्यो माझा जोडीदार,” शिवतेज म्हणाला. मी कुस्तीतला जोड समजलो. “वजन किती रं दोघांचं?” दोघं हसून लोळले. मग त्यानं नीट सांगितलं, की आम्ही संसार करतोय. मी जरा गोंधळलो, खोटं कशाला बोलू? मग तीन चहा मागवले.

जूनमध्ये, प्राइड महिना म्हणून, कंपनीनं दोघांचा फोटो इंद्रधनुष्याच्या रंगात चौकात लावला. खाली लिहिलं, ‘सगळे रंग आपले’. मला लई बरं वाटलं.

शिवतेजचे वडील लालासाहेब, निवृत्त सुभेदार. पोरानं घरी खरं सांगितल्यापासून वर्षभर ते त्याच्याशी बोलले नव्हते. पण त्याच्या सामन्यांचं माझं निवेदन फोनवर एकदाही चुकवत नव्हते.

“नाना, फायनलला माझ्यासंगं पुष्करचं नाव घ्या, जोडीदार म्हणून,” शिवतेज म्हणाला. “माझं न्हाई ऐकत आबा. तुमचं ऐकत्यात.”

फायनलच्या सकाळी कंपनीच्या भार्गवी मॅडम आल्या. “काका, ‘जोडीदार’ नको. ‘सहकारी’ म्हणा. नवीन मोठे प्रायोजक आलेत, त्यांना हे चालत नाही.”

“आन् चौकातला बोर्ड?”

“काल उतरवला.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “वरून निरोप आहे, काका. नाही ऐकलंत तर ही तुमची शेवटची स्पर्धा.”

मला सणकच आली. हळदीचा डाग घासला तरी निघत नाही, आणि या हळदवाल्यांचा रंग एका धुण्यात गेला!

संध्याकाळी पोरं मंचावर आली. मी माइक धरला. “शिवतेज! गाव दहिवडी! लालासाहेबांचा पोरगा! आणि त्याचा जोडीदार, खेळातला आणि घरातला, पुष्कर! गाव...”

तिथं माइक बंद झाला. पुढचं निवेदन भलत्याच माणसानं केलं. पोरं तिसरी आली आणि माझी सुट्टी झाली.

दोघं मला सोडायला एसटी स्टँडवर आले. बाकावर बसून आम्ही भडंग खात होतो, तोच माझा फोन वाजला.

“आवं नाथाजी, मी लालासाहेब बोलतोय, दहिवडीचा.”

मी भडंगाची पुडी बाकावर ठेवली. “बोला, सुभेदार.”

“तुमी आज चुकला.”

“माफ करा, पण मी जे बोललो...”

“त्या दुसऱ्या पोराचं नाव घेतलं. गाव न्हाई सांगितलं. चाळीस वर्षांत असं कवा झालं न्हाई.”

“सांगतच हुतो. माइक बंद केला त्यांनी.”

“मग आता सांगा की.”

“पाटण.”

पलीकडे मेंढरं ओरडत होती.

“पाटण व्हय,” ते म्हणाले. “लय लांब न्हाई. शिवतेज हाय का तिथं? द्या त्याच्याकडं.”

मी फोन शिवतेजच्या हातात दिला आणि भडंगाची पुडी पुष्करकडे सरकवली.